फायबरखालची फ्रेम: उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपचं काम

फायबर बॉडीची गाडी असेल आणि तिच्या फ्रेमची काळजी वाटत असेल, तर कोल्हापुरात मी एकाच ठिकाणी जायला सांगेन. उद्यमनगरात उसाच्या ट्रॉल्यांचे चेसिस, म्हणजे खालच्या लोखंडी फ्रेमा, बनवणारं एक छोटं वर्कशॉप आहे. मालकांना नाव छापलेलं नको आहे, हातात आधीच भरपूर काम आहे. पण उद्यमनगरात दोन-चार वेल्डरना "स्पोर्ट्‌स गाडीची फ्रेम कोण करतं" एवढं विचारलंत तरी पत्ता मिळेल.

माझी गाडी दोन सीटची. एका लहान कारखान्यानं मोजक्याच बनवल्या, पुढे तो कारखानाही बंद पडला. अशा गाडीचा पार्ट कुठल्याच दुकानात मिळत नाही, त्यामुळे फ्रेम गेली की गाडी गेली. आणि फायबरची गंमत अशी की ते गंजत नाही, म्हणून गाडी वरून कायम तरणीताठी दिसते. खाली काय चाललंय ते कळत नाही. कळतं ते दारावरून. दार बंद करताना किंचित उचलावं लागलं, किंवा दाराची फट वर बारीक आणि खाली रुंद झाली, की समजायचं फ्रेम बसायला लागली. दुसरी खूण दिव्यांची. फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याची अर्थिंगची वायर फ्रेमवर आणलेली असते. त्या बोल्टाखाली गंज चढला की हॉर्न दाबल्यावर इंडिकेटर मंद होतो. लोक बॅटरी बदलत बसतात.

2019 च्या पुरात ही गाडी आधीच्या मालकाकडे, शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ उभी होती. पाणी दारापर्यंत चढलं होतं. ओसरल्यावर त्यांनी गाडी धुतली, सीट वाळवल्या आणि कुठल्याशा गॅरेजात खालून जाड डांबरी कोटिंग मारून घेतलं. दिसायला झकास. पण पंचगंगेचा गाळ चौकोनी पाइपांच्या आत तसाच राहिला, आणि पाणी निथळायची भोकं त्या डांबरानं बुजली. ओला गाळ लोखंडाला चिकटून बसला की पाइप आतून खात जातो, बाहेरचा काळा थर मात्र अखंड असतो.

वर्कशॉपच्या मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेतल्यावर पहिल्यांदा पाना नाही, छोटी हातोडी हातात घेतली. दाराखालच्या पट्टीजवळ फ्रेमला बाहेर फुटणारे जे आडवे हात असतात, तिथे ठोकत गेले. एका जागी टणटण आवाज जाऊन भद्द आवाज आला. तिथे टोच्या लावला तर अंगठ्याच्या जोरानं आत गेला, आणि भोकातून तांबूस चिखल ओघळला. "दादा, वरनं काळं फासून काय उपयोग न्हाई. आत पाणी हाय ते आधी भाईर काढू," एवढंच बोलले. मग पाइपाच्या आत कॅमेरा घालून मला मोबाइलच्या स्क्रीनवर सगळं दाखवलं. बाकीच्या गॅरेजांत खालून टॉर्च मारून "लई चांगली हाय" म्हणतात, तिथे हा माणूस आत बघितल्याशिवाय किंमतच सांगत नाही.

हा दोष माझ्याच गाडीचा नाही, असल्या गाड्यांच्या जातीचाच आहे. लोटस या ब्रिटिश कंपनीची एलान 1962 ची. मधून जाणारा पत्र्याचा एकच कणा, त्यावर फायबर. त्या गाडीत पुढचा आडवा क्रॉस मेंबर म्हणजेच हेडलाइट वर उचलणाऱ्या व्हॅक्यूमची टाकी. बंद पोकळी, त्यात दमट हवा, आणि गंज आतून. 1981 ची डीलोरियन वरून स्टेनलेस स्टीलची, तिची बॉडी काय गंजेल! पण खालचा चेसिस साध्या लोखंडाचा, वर इपॉक्सीचा, म्हणजे कडक होणाऱ्या रेझिनचा थर. थर जिथे उडतो तिथून गंज त्याच्याखाली सरकत जातो. लोटसनं 1980 च्या सुमारास चेसिस गॅल्व्हनाइज करायला, म्हणजे जस्ताचा थर द्यायला घेतले, आणि 1996 च्या एलिसला तर लोखंड टाळून ॲल्युमिनियमचे भाग इपॉक्सीनं चिकटवले. मोठ्या कंपन्या बॉडी शेल बुडवून प्रायमर देतात. लहान कारखान्याकडे तेवढी टाकीच नसते.

वर्कशॉपचं काम मला सर्वांत आवडलं ते बॉडी उचलण्याआधीचं. दारं काढली की फायबरमधली दाराची चौकट सैल पडते, बॉडी मधून वाकते आणि परत बसताना दारं जुळत नाहीत. मिस्त्रींनी दोन्ही दारांच्या जागी आडवे अँगल बोल्टनं कसले, मगच बॉडी उचलली. फ्रेम मोकळी झाल्यावर सस्पेन्शनच्या प्रत्येक बोल्टातून ओळंबा सोडून जमिनीवर खडूनं खुणा केल्या आणि तिरकी मापं ताडून पाहिली. कुजलेले हात कापायच्या आधी एकदा, वेल्डिंगनंतर पुन्हा एकदा. ट्रॉलीवाल्याला हे सुचणं साहजिक आहे, ट्रॉली तिरकी चालली तर टायर खाते.

ब्लास्टिंगचं, म्हणजे दाबानं कण मारून गंज उडवायचं काम त्यांनी नीट जपलं. शिरोलीकडे फाउंड्र्यांत शॉट ब्लास्टिंगची यंत्रं पैशाला पासरी, पण ती कास्टिंगसाठी. सोळा गेजचा पातळ पाइप त्यात टाकला तर दबेल. यांनी बारीक ग्रिटनं, कमी दाबावर, हातानं मारून घेतलं आणि त्याच दिवशी झिंकवाला इपॉक्सी प्रायमर दिला. आपल्याकडे पावसात उघडं लोखंड रात्रभर ठेवलं की सकाळी पिवळं पडतंच. शेवटी आतून कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ पाइपात मारायचं गंजरोधक मेण, लांब नळीनं, दुसऱ्या टोकाच्या भोकातून थेंब गळेपर्यंत. ॲल्युमिनियमचा फ्लोअर जिथे लोखंडाला रिव्हेट होतो तिथे सीलंटची पट्टी, कारण हे दोन धातू ओले होऊन भिडले की ॲल्युमिनियम पांढरं पीठ होऊन जातं.

एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. नवे हात बोल्टवर बसणारे करून गॅल्व्हनाइज करावेत असं मला वाटत होतं. मिस्त्री नको म्हणाले. जस्ताची टाकी साधारण 450 अंशांची असते, पातळ पाइप वाकू शकतो, बंद पाइपात पाणी राहिलं तर फुटतो. हे खरंच आहे, पण योग्य जागी भोकं ठेवून हात सुटे बुडवता आले असते. त्यांनी वेल्डच केले. वेल्ड सुरेख आहेत, तरी पुढच्या वेळी कापाकापी अटळ आहे.

तक्रारी दोन. तारीख पाळत नाहीत; गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॉल्या आधी, तुमची गाडी नंतर. त्यामुळे काम उन्हाळ्यात द्या. आणि सुटे नट-बोल्ट एकाच डब्यात टाकतात. इंच आणि मिलिमीटर दोन्ही असलेल्या गाडीला हे चालत नाही. पिशव्या आणि मार्कर स्वतः घेऊन जा, प्रत्येक जोडणीची पिशवी वेगळी करा.

बिल साठ हजारांच्या घरात गेलं, वॅक्स धरून. दर पावसाळ्यानंतर गाडी आणा, कॅमेरा फुकट घालून बघतो, असं त्यांनी सांगितलंय. वॅक्स सुकलं असेल तर तेवढ्याच पाइपात पुन्हा मारतात, त्याचे पैसे वेगळे.