दोन मुलींची एक खोली: पावसाळा आणि दिवाळी काढल्यानंतरचा अनुभव

मुलींच्या खोलीचे नवेकोरे फोटो सगळीकडे दिसतात. गादीला सुरकुती नसते, भिंतीवर डाग नसतो. तीच खोली रोज वापरल्यावर सहा-आठ महिन्यांनी कशी दिसते, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. आम्हाला खोली करायची होती तेव्हा मला नेमकं तेच वाचायला हवं होतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

खोली डोंबिवलीतल्या टू बीएचकेमधली, १० बाय ११ फुटांची. खिडकी आणि बाहेरची भिंत पश्चिमेला. मोठी मुलगी साडेसात वर्षांची, धाकटी चारची. उन्हाळ्याच्या सुट्टीत काम करून घेतलं. त्यानंतर पावसाळा गेला, गणपतीचे पाहुणे राहून गेले, दिवाळी झाली. आता काय टिकलं आणि काय काढून टाकलं ते नीट सांगता येईल.

पहिला प्रश्न पलंगाचा. लहान खोली आणि दोन मुली म्हटलं की दुकानदारापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे दुमजली बंक बेड सुचवतात. आम्ही तो टाळला, आणि मुख्य कारण पंखा. आमचं छत साडेनऊ फुटांवर आहे आणि पंख्याची पाती साधारण आठ फुटांवर. बंक बेडची वरची गादी पाच फुटांच्या आसपास येते. मूल त्यावर बसलं की डोकं सात फुटांवर, आणि उभं राहून हात वर केला की थेट पात्यात. पलंग कोपऱ्यात सरकवावा तर १० फुटी खोलीत कोपरा आणि पंखा यांच्यात अंतर तरी किती उरणार? पंखा काढून फक्त एसीवर राहणं आम्हाला पटत नव्हतं. दुसरं कारण धाकटीचं वय. वरच्या मजल्यावर ६ वर्षांखालच्या मुलाला झोपवू नये, ही सूचना अमेरिकेत अशा पलंगावर छापणं सक्तीचं आहे. वरच्या कठड्याची उंचीही गादीपासून किमान ५ इंच असावी लागते. आपल्याकडे कठड्याचा हिशेब न करताच जाड, आठ इंची गादी टाकली जाते, मग कठडा नावालाच उरतो. मोठी वर झोपली असती हे खरं, पण ताई जिथे जाईल तिथे धाकटी जाणारच. दिवसभर शिडीवर पहारा कोण देणार?

म्हणून सुताराकडून पुल-आउट पलंग करून घेतला: वर एक पलंग आणि त्याच्या पोटातून चाकांवर बाहेर येणारा दुसरा. गाद्या सोडून ३५ हजारांच्या आत काम झालं. याबद्दल जरा थांबून लिहिते, कारण सगळा खेळ मापांचा आहे. वरची गादी नेहमीची, ७२ बाय ३६ इंच. खालचा पलंग आत सरकायचा म्हणजे तो सगळीकडून थोडा लहानच हवा. आमचा ७० बाय ३४ झाला. या मापाची तयार गादी दुकानात मिळत नाही, गादीवाल्याकडून भरून घ्यावी लागते. जाडी ५ इंचांच्या वर नको आणि त्यावर पांघरुणासाठी दोन इंच मोकळे हवेत, नाहीतर रोज रात्री चादर अडकते. चाकं, फळी, गादी असं सगळं मिळून वरच्या गादीची उंची १९-२० इंचांपर्यंत जाते. चार वर्षांचं मूल त्यावर आपलं आपण चढतं. धाकटी खाली झोपते. झोपेत ती गडगडते, पण जेमतेम वीतभर उंचीवरून सतरंजीवर येते आणि बऱ्याचदा जागीही होत नाही.

चाकांवर पैसे वाचवू नका. सुरुवातीला बसवलेली कडक प्लॅस्टिकची चाकं फरशीवर ओरखडे काढत होती आणि रात्री आवाज करत होती. रबरी धावेची, ब्रेक असलेली चाकं लावली तेव्हा प्रश्न सुटला. केस आणि दोरे अडकतात, ते अधूनमधून काढावे लागतात.

या पलंगाचा सगळ्यात मोठा गुण मात्र दुकानात कोणी सांगणार नाही. खालचा पलंग बाहेर काढायला जमीन मोकळी लागते. म्हणजे रोज रात्री भातुकली, रंगपेट्या, ठोकळे उचलल्याशिवाय झोपायलाच मिळत नाही. मी ओरडून जे कधी झालं नसतं, ते पलंगाने करून घेतलं. मोठी टोपल्या ओढते, धाकटी त्यात वस्तू टाकते. सकाळी पलंग आत गेला की दिवसभर खेळायला जवळजवळ सगळी खोली मोकळी. मुलींच्या खोलीत सगळ्यात मौल्यवान सजावट कोणती म्हणाल, तर मी मोकळी जमीन म्हणेन.

आता पावसाळा. जुलैच्या मध्यावर खालच्या गादीला कुबट वास यायला लागला. दिवसभर बंद पेटीत पडलेली कापसाची गादी आणि कोकणपट्टीतली दमट हवा, दुसरं काय होणार? सुताराला बोलावून खालच्या प्लायला इंचभर व्यासाची भोकं पाडून घेतली. फळीऐवजी लाकडी पट्ट्या टाकल्या तर आणखी उत्तम. शिवाय दिवसा पलंग पूर्ण आत न ढकलता हातभर बाहेर ठेवायला लागलो. एवढ्याने वास गेला. ऑक्टोबरच्या उन्हात गाद्या दोन्ही बाजूंनी तापवल्या. वासासाठी डांबरगोळ्या ठेवायला सांगणारे भेटतील, पण मुलांच्या अंथरुणात त्या नकोत. त्यातल्या नॅफ्थलिनमुळे जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांच्या तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात, आणि ही कमतरता अनेकदा कोणाला ठाऊकही नसते. शिवाय गोळी दिसते खडीसाखरेसारखी.

भिंतींबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे: बाहेरच्या भिंतीला वॉलपेपर लावू नये. फुलाफुलांचा फार गोड व्हिनाइल वॉलपेपर होता, एप्रिलमध्ये येणारा-जाणारा कौतुक करायचा. पश्चिमेचा पाऊस भिंतीत मुरला, व्हिनाइलमधून ओल बाहेर पडेना आणि ऑगस्टमध्ये कडा सुटून मागे काळी बुरशी दिसली. धाकटीला आधीच खोकला होता, त्यामुळे त्याच आठवड्यात सगळा उतरवला. मोठाले स्टिकरही निघताना रंगाचे पोपडे घेऊन निघतात. उरलेल्या तीन भिंतींना धुता येण्यासारखा इमल्शन रंग दिला आहे, फिकट पिवळसर. खडूंच्या रेघोट्या ओल्या फडक्याने जातात, स्केचपेनची पुसट खूण राहते. रंग घेताना डब्यावर शिशाचं प्रमाण वाचा. आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा लागू आहे. जुन्या घरात खालचे थर त्याआधीचे असतात, त्यामुळे घासकाम चालू असताना मुलींना आजीकडे पाठवणं बरं. आम्ही तेच केलं. पलंगाला मेलामाइन पॉलिश न करता लॅमिनेट लावलं, कारण त्या पॉलिशचा वास डोळ्यांना झोंबतो आणि बरेच दिवस रेंगाळतो.

एका पट्ट्याला फळ्याचा काळा रंग दिला होता. मुलींना तो अतिशय आवडला, पण खडूची धूळ थेट गादीवर बसते. फळा हवा असेल तर तो झोपण्याच्या खोलीत नको. आता तिथे लोखंडी पत्रा ठोकून त्यावर चुंबकाने चित्रं लावतो.

छतापासून सोडलेली जाळीची झालर दिसायला राजकन्येच्या महालातली. प्रत्यक्षात धूळ धरते आणि धाकटी लोंबकळते. काढली. त्याऐवजी मोठीच्या लहानपणच्या खणाच्या परकर-पोलक्यातून त्रिकोण कापून शिवलेली माळ आहे, ती अजून तशीच छान आहे. फोमच्या कोड्यांसारख्या चटया पण गेल्या. पुसलेलं पाणी खाली साचतं आणि वास येतो. सुती सतरंजी गुंडाळता येते, धुता येते, आणि पलंग ओढताना तिची गुंडाळी करावीच लागते.

दोघींचं एकत्र राहणं मात्र रंगांवर अवलंबून नव्हतं, ते जागेवर अवलंबून होतं. पहिल्या महिन्यात रोजची भांडणं एकाच गोष्टीवरून व्हायची: धाकटी ताईच्या वह्या रंगवायची. सगळं दोघींचं, अशी व्यवस्था वरून समंजस वाटते, पण साडेसात वर्षांच्या मुलीला ती फार जड जाते. मग साडेचार फुटांवर एक लांब फळी ठोकली, ती फक्त मोठीची. वह्या, मण्यांचा डबा आणि कुलूप लागणारी एक पत्र्याची पेटी तिथे असते. किल्ली तिच्याकडे. मी पेटी उघडून बघत नाही. धाकटीला खालचे दोन कप्पे, तिथे तिची सावंतवाडीची लाकडी फळं आणि बाहुल्या, आणि त्यांना ताईने विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. उरलेली खेळणी टोपल्यांत, दोघींची. भांडणं संपली नाहीत, पण आता ती कशावरून आहेत ते कळतं आणि लवकर मिटतात. धाकटी आपणहून आपली बाहुली ताईला द्यायला लागली, तीही या व्यवस्थेनंतर. आपलं म्हणून काही हातात असल्याशिवाय मूल ते दुसऱ्याला देणार कसं? एका खोलीत दोन मुलं असतील तर रंग ठरवण्याआधी हे ठरवा, असं मी अगदी कळकळीने सांगेन.

कपाट आणि पुस्तकांची मांडणी भिंतीला एल-पट्टीने पक्की करा. हे सोडू नका. ड्रॉवर उघडून मूल त्यावर पायरीसारखं चढलं की सगळं अंगावर येतं. २०१६ साली आयकियाने अमेरिकेत सुमारे २.९ कोटी कपाटं याच कारणाने परत मागवली होती. पडद्यांना लोंबती दोरी नको, साध्या कड्यांचे पडदे घ्या. रात्रीचा दिवा किंवा त्याचा रिमोट बटण सेलवर चालत असेल, तर सेलचं झाकण स्क्रूचं आहे ना ते पाहा. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो.

उजेडाबाबत एवढंच की वरची पांढरी ट्यूब संध्याकाळनंतर आम्ही लावत नाही. पिवळसर, ३००० केल्विनचा दिवा आणि मोठीच्या उशाशी वाकवता येणारा लहानसा वाचनदिवा आहे. धाकटी झोपली तरी तिचं वाचन चालू राहतं.

गणपतीत आत्या आणि तिची मुलगी राहिल्या तेव्हा खालचा पलंग पाहुण्यांनाही पुरला, मुली वर आडव्या झोपल्या. पण अंगाने जड माणसाला खालच्या पलंगावरून उठणं त्रासाचं आहे. आजी-आजोबा मुलींच्याच खोलीत झोपणार असतील तर हा पलंग घेऊ नका.

जूनमध्ये मोठी तिसरीत जाईल, तिला अभ्यासाचं टेबल हवं आहे. ते भिंतीला बिजागरीवर लावून दुमडणारं, पाय नसलेलंच करायचं, हे सुताराला आत्ताच सांगून ठेवलं आहे. पाय आले की खालचा पलंग पूर्ण बाहेर येणार नाही.