प्रोटीन बार, चिक्की की फुटाणे: खान्देशच्या उन्हात काय परवडतं

ऑफिस सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत जी भूक लागते, तिच्यासाठी बॅगेत काय ठेवावं, एवढाच प्रश्न आहे. जळगाव-भुसावळ अपडाऊन करणाऱ्याला याचं तयार उत्तर स्टेशनबाहेरच्या कढईत तळताना दिसतंच. ते टाळायचं तर माझ्या पाहण्यात तीन गोष्टी आहेत: दुकानातला बार, चिक्की आणि फुटाणे-शेंगदाणे. तिन्ही मी भरपूर खाल्ल्यात, अजूनही अधूनमधून खातो.

बारमधला एक प्रकार आधीच बाजूला काढतो. ओट्स, मध, बेरी असं चित्र असलेले जे बार असतात, ते माझ्या मते गोड पदार्थ आहेत. चवीला छान, पण प्रोटीन बहुतेकांत तीन-चार ग्रॅमच्या आसपास. चहाबरोबर बिस्किटाऐवजी खायचे तर जरूर खा.

खरी तुलना 10 ते 20 ग्रॅम प्रोटीनवाल्या बारशी. तिथे समोरच्या मोठ्या आकड्यापेक्षा मागची बारीक अक्षरं वाचावीत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणून पहिल्या तीन नावांत बराचसा निकाल लागतो. व्हे (दुधातलं प्रोटीन), सोया, शेंगदाणे, बदाम यांपैकी काही तिथे असेल तर ठीक. मात्र साखर एकाच नावाने येत नाही. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, राइस सिरप अशी विभागून आली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि वरची जागा दिसायला स्वच्छ राहते. खजूर घालून ‘नो अ‍ॅडेड शुगर’ लिहिणारे खोटं बोलत नाहीत, पण खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. ज्यांना शुगर आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

दुसरी गोष्ट माल्टिटॉल, म्हणजे साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ. काही पाकिटांवर फक्त 965 हा आकडा असतो. साखरेपेक्षा कॅलरी कमी, गोडी जवळपास तेवढीच, पण आतड्यात ते पूर्ण शोषलं जात नाही. जास्त झालं तर पोट गुडगुडतं, कुणाचं साफ ढिलं होतं. प्रत्येकालाच त्रास होतो असं नाही. मला होतो, आणि तो पॅसेंजरच्या गर्दीत झाला की फार वाईट.

तरीही बार माझ्या बॅगेतून गेला तो माल्टिटॉलमुळे नाही, उन्हामुळे. चॉकलेटमधली चरबी, म्हणजे कोको बटर, 34-35 अंशांना वितळतं. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 44-45 ला टेकतो आणि उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत त्याहून वर. संध्याकाळी पाकीट फाडलं की अर्धा चॉकलेटचा थर कागदाला, थोडा बोटांना, उरलेला बारवर. हात धुवायला जागा नसते, खिशात रुमाल पांढरा असतो. मग कागद चाटायचा की टाकायचा, हा विचार करत उभं राहायचं. फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा घट्ट केला तर त्यावर राखाडी-पांढरा थर चढतो. त्याने अपाय काही होत नाही, पण चव मेणासारखी लागते. दुकानातून आणलेला ताजा बारही कधी कधी असाच निघतो, कारण तो वाटेत कुठल्या गोदामात किती तापलाय ते आपल्याला कळत नाही. दुकानदाराला दाखवलं तर, “फ्रीजमधी ठेवा ना भो, काही होत नाही!” बरोबर आहे, काहीच होत नाही, फक्त एका बारच्या पैशांत बरेच फुटाणे आले असते. चॉकलेटचा थर नसलेले बार असे वितळत नाहीत हे खरं, पण आमच्याकडच्या मेडिकलमध्ये किंवा जिमच्या काउंटरवर मिळतात ते बहुतेक चॉकलेटचेच.

चिक्कीचा मात्र उगाच उदोउदो नको. गूळ म्हणजे आरोग्य असं आपण धरून चालतो, पण गुळाचाही बहुतांश भाग साखरच. निम्मे दाणे, निम्मा गूळ अशी 35 ग्रॅमची वडी घेतली तर प्रोटीन साडेचार ग्रॅमच्या आसपास आणि साखर जवळपास 15 ग्रॅम. दिवसभराची वरची साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवावी असं सांगतात, म्हणजे निम्म्याहून जास्त कोटा एका वडीत संपला. थंडीत, शेतात, पायपीट करताना चिक्कीला तोड नाही. पण खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला रोज? मला नाही वाटत.

उरले फुटाणे-शेंगदाणे. पन्नास ग्रॅम फुटाण्यांत 10-11 ग्रॅम प्रोटीन, 25 ग्रॅम दाण्यांत सहा-साडेसहा. दोन्ही मिळून एखाद्या बऱ्या बारच्या जवळ जातं आणि वरची साखर शून्य. दोन्ही एकत्र खाण्यात फायदाही आहे: दाण्यांच्या प्रोटीनमध्ये लायसिन (शरीराला लागणारा प्रोटीनचा एक घटक) कमी असतं, हरभऱ्यात ते बऱ्यापैकी असतं. फुटाणे सालासकट खाल्ले तर पोट जेवणापर्यंत शांत राहतं. घरात पोरं फुटाण्यांना तोंड लावत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी डाळं, भाजलेले दाणे आणि थोडे तीळ मिक्सरला भरड काढून, जेमतेम वळेल एवढाच गूळ घालून लाडू करतो. ते डब्यात मे महिन्यातही धड राहतात.

बारची बाजू घ्यायची तर तीही आहे. फुटाणे-दाण्यांच्या या मुठीत सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी जातात. चांगला 20 ग्रॅमवाला बार तेवढंच किंवा थोडं जास्त प्रोटीन त्याहून कमी कॅलरीत देतो. वजन उतरवताना मोजूनमापून खाणाऱ्यांना, किंवा जिमनंतर दहा मिनिटांत काहीतरी पोटात हवं असणाऱ्यांना त्याची सोय होते. मीटिंगमध्ये कुरकुर आवाजही होत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी मीही एखादा ठेवतो, फक्त मागची अक्षरं वाचून. जुना झालेला बार मग थंडीत दाताला कडक लागतो, तेव्हा तारीख पाहूनच घ्या.

फुटाण्यांची तारीख मात्र पाकिटावर नसते, ती नाकाने बघावी लागते. भट्टीवाल्याकडून, समोर भाजून देतो अशा ठिकाणाहून घ्या. मीठ-हळदीचे नकोत, साधे घ्या. दाणे उन्हाळ्यात लवकर खवट होतात, म्हणून एप्रिलनंतर मी पावशेरापेक्षा जास्त आणत नाही आणि काळे पडलेले, सुरकुतलेले दाणे वेचून टाकतो. खाताना पाणी जवळ हवंच, नाहीतर घसा धरतो.