नट की खांदा? रेमिंग्टन ७००चं बॅरल बदलण्याआधी

जुन्या रेमिंग्टन ७०० रायफलला नवं बॅरल घालायचं ठरलं की दोन रस्ते उरतात. एक म्हणजे चेंबर (काडतूस बसायची जागा) कापून तयार आलेलं नटवालं बॅरल मागवायचं, घरीच आट्यांवर फिरवत हेडस्पेस (चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टपासून काडतूस पुढे जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर) जुळवायची आणि नट आवळायचा. दुसरा म्हणजे रायफल गनस्मिथकडे द्यायची; तो तुमच्याच अ‍ॅक्शनची (ज्यात बॅरल बसतं आणि बोल्ट सरकतो तो भाग) मापं घेऊन लेथवर बॅरलला खांदा, म्हणजे अ‍ॅक्शनला टेकणारी पायरी, काढून देतो. मी पेन्सिल्व्हेनियात राहतो. माझ्याकडे ३०८ विंचेस्टर काडतुसाच्या दोन ७०० आहेत, एक नटाची, एक खांद्याची. (भारतातून वाचत असाल तर आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ खाली बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, तेव्हा गॅरेजमधला भाग तुम्ही नुसता वाचा.)

नटाची सुरुवात रेमिंग्टनकडून नाही झाली. सॅव्हेजने १९५८ साली मॉडेल ११० काढली, तिच्यात तो होता. फिटरने एकेक बॅरल हाताने घासत बसायची गरजच त्याने संपवली. पुढे बाहेरच्या बॅरलवाल्यांनी तोच नट ७००ला लावला. मी भोसरीच्या टूलरूममध्ये चार वर्षं काढलेला माणूस. गो आणि नो-गो गेज (एक बसायलाच हवं, दुसरं बसता कामा नये, असे मापाचे तुकडे) हातात आलं की मला माहेरी आल्यासारखं वाटतं, त्यामुळे पहिल्या वेळी नटच घेतला यात नवल नाही.

काम दिसायला सोपं आहे. बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर दोन्ही काढायचे. इजेक्टर राहिला तर त्याची स्प्रिंग गेजला ढकलत राहते आणि हाताला खोटंच कळतं. गो गेज चेंबरमध्ये ठेवायचं, बोल्ट बंद करायचा, बॅरल गेजला टेकेपर्यंत आत फिरवायचं, नट आवळायचा. मग बोल्ट गोवर बंद व्हायला हवा आणि नो-गोवर अडायला हवा, तोही एका बोटाच्या जोराने. बोल्टच्या कॅमला ताकद फार असते. तळहाताने दाबलंत तर नो-गोवरसुद्धा बंद होईल आणि गेज खराब होईल ते वेगळंच.

३०८चं गो गेज १.६३० इंचाचं, नो-गो १.६३४चं. मध्ये चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारांश. ७००चे आटे इंचाला सोळा, म्हणजे पूर्ण एका फेऱ्याला साडेबासष्ट थाऊ. या हिशेबाने चार थाऊ म्हणजे मिनिटकाटा जेमतेम चार मिनिटं सरकेल एवढं फिरणं. सगळा खेळ तेवढ्यात.

आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडलं. पहिल्यांदा नट आवळताना बॅरल त्याच्याबरोबर किंचित फिरलं आणि बोल्ट गोवरच अडायला लागला. सोडलं, पुन्हा जुळवलं. दुसऱ्यांदा बॅरल घट्ट धरून ठेवलं. गो बसलं, नो-गो अडलं, मी खूश. रात्री साडेअकराला अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये बसवायला गेलो तर बसेना. नट आणि अ‍ॅक्शन यांच्यामध्ये गोळीचा धक्का स्टॉकवर देणारा जो रिकॉइल लग असतो तो नटाबरोबर केसभर तिरका झाला होता. आता तो सरळ करायचा तर नट सोडायला हवा, आणि नट सोडला की जुळवलेली हेडस्पेस गेली. लग धरायचा जिग मागवला, तिसऱ्या खेपेला जमलं. तोवर हरणांचा मोसम चार दिवसांवर आला होता.

खरं सांगायचं तर लग खांद्याच्या बॅरलमध्येही फिरू शकतो. माझ्या दुसऱ्या रायफलीचा फिरलाच होता, गनस्मिथने माझ्यासमोर सोडून पुन्हा आवळला. पण त्याने आवळल्यावर गेज घातलं तर माप होतं तिथेच. खांदा पोलादात कापलेला आहे, तो कुठे जाणार? मी पाहत राहिलो. माझ्या तीन रात्री आणि त्याची दहा मिनिटं.

नटाच्या बाजूने बोलायचं तर, दर एक-दोन वर्षांनी बॅरल झिजवणाऱ्याला किंवा कॅलिबर बदलत राहणाऱ्याला तो स्वस्त पडतो, आणि काही चुकलं तर लेथ लागत नाही. खांदा चुकला तर लेथशिवाय पर्याय नाही. तो त्या अ‍ॅक्शनशी आणि त्या बोल्टशी बांधलेला असतो. बोल्ट बदललात तर पुन्हा तपासणी आलीच. ग्रुपमध्ये, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ लागतात त्यात, फरक म्हणाल तर माझ्या टार्गेटवर तरी दिसला नाही. नट दिसायला बोजड आहे एवढंच, आणि तेही माझ्या बायकोचं मत, जिला रायफली एरवी सगळ्या सारख्याच दिसतात.

हेडस्पेस जास्त राहिली तर काय होतं हे रीलोडिंग करणाऱ्यांना, म्हणजे काडतुसं पुन्हा भरणाऱ्यांना, माहीत असेलच: काडतुसाची पितळी केस ताणली जाते आणि बुडाच्या थोडं वर तिच्यावर चकचकीत वळ उमटतो. तो दिसला की थांबायचं, कारण पुढची पायरी केस तिथेच तुटण्याची असते. तेव्हा कुठलंही बॅरल घ्या, गेज स्वतःची ठेवा. गनस्मिथकडून आलेली रायफलही मी घरी तपासली. त्याला वाईट वाटलं नाही.

नटवाली रायफल अजून आहे, बरी चालते. तिचंही बॅरल कधीतरी जाईल, तेव्हा बहुधा गनस्मिथच्या रांगेत उभा राहीन. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, हात माझ्यापेक्षा स्थिर असेल तर नक्कीच. माझा नटाचा पाना सध्या क्लबमधल्या एका मित्राकडे आहे, आणि मी तो परत मागितलेला नाही.