ऑइलिंगला दिलेल्या घड्याळातलं मशीनच गायब

बाबांचं ओमेगा १९५५च्या आसपासचं. चावी द्यायचं, मधल्या सेकंद काट्याचं. लक्ष्मी रोडजवळच्या एका दुकानात ते ऑइलिंगला दिलं, आणि परत आली ती फक्त त्याची केस आणि डायल. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे. पण हे करतात कसं, ते मला आता नीट कळलंय.

दुकानदार गोड बोलणारा. "ताई, घड्याळ मागे पडतंय म्हणजे तेल सुकलंय. मशीन केसमधून बाहेर काढून, सुटं करून धुवावं लागेल. ठेवून जा, दोन आठवड्यांनी या." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच गंमत. जुनं तेल खरंच घट्ट होतं, आणि न धुता वरून नवीन तेल सोडलं तर आतल्या धुळीचा चिखल होऊन चाकांच्या आसांची टोकं झिजतात. पावती मिळाली: "जुने ओमेगा, ऑइलिंग". बस, एवढंच.

घड्याळ आलं ते चकाचक. काचेला पॉलिश, वेळही बरोबर. फक्त चावी भोकाच्या मधोमध न बसता थोडी वर सरकलेली वाटली आणि फिरवताना घासत होती. विचारलं तर "नवीन आहे ना ताई, बसेल हळूहळू."

दिवाळीनंतर ते बंद पडलं. या वेळी रविवार पेठेतल्या एका वयस्कर कारागिरांकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि मान वर न करताच विचारलं, "आधी कोणी उघडलं होतं हे?"

त्या काळातल्या ओमेगाचं मशीन तांबूस रंगाचं असतं. ब्रिजवर, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, कंपनीचं नाव आणि नंबर कोरलेला असतो. आमच्या घड्याळात होतं एक पांढरट, बिननावाचं, आकाराने लहान मशीन, आणि उरलेली जागा भरायला भोवती प्लॅस्टिकची रिंग! चावी वर का सरकली तेही कळलं: मशीन वेगळं, त्यामुळे स्टेमची, म्हणजे चावीला जोडलेल्या आतल्या दांडीची, उंची वेगळी.

मग त्यांनी मशीन माझ्यासमोर बाहेर काढलं. आधी स्प्रिंगचा ताण हळूहळू सोडला. स्टेमशेजारचा बारीक स्क्रू एक-दोन फेरे सैल केला (पूर्ण काढला तर आतली लिव्हर सुटते आणि ती परत बसवायला डायल उतरवावी लागते), चावी स्टेमसकट ओढून घेतली, कडेचे दोन स्क्रू सैल केले आणि केस उलटी करून मशीन अलगद काढून घेतलं. माझा चहा संपायच्या आत झालं सगळं. धुणं, सुकवणं, तेल घालणं, वेळ जुळवणं याला दिवस लागतात, मान्य. पण मशीन नुसतं काढून दाखवायला दोन आठवडे लागत नाहीत.

डायल बघून मात्र मला रडू आलं. डायलच्या पाठीला दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात. या मशीनला ती भोकं वेगळ्या जागी, म्हणून पाय सरळ कापून डायल गोंदाने चिकटवलेली. म्हणजे उद्या बाबांचं मशीन परत मिळालं तरी डायल त्यावर पूर्वीसारखी बसणार नाही.

दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "तुम्ही दिलं तेव्हा असंच होतं." इथे माझा भाचा कामी आला. त्याला एचएमटी जमवायचा नाद. गणपतीत घरी आला तेव्हा त्याने बाबांचं घड्याळ उघडून मोबाइलवर फोटो काढले होते. त्यात तांबूस मशीन आणि आठ आकडी नंबर स्वच्छ वाचता येतो. फोटो दाखवल्यावर सूर बदलला, "काहीतरी घेऊन मिटवून टाका ना ताई." मी पोलिसांत अर्ज दिलाय. विश्वासाने सोपवलेली वस्तू अशी लाटणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली येतं. दुकानदाराला नोटीसही गेली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि वस्तू किंवा कामासाठी आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आधी नुसती चौकशी करायची असेल तर १९१५ ही हेल्पलाइन आहे.

घरातलं जुनं घड्याळ दुरुस्तीला देणार असाल तर झाकण समोरच उघडायला सांगा, मशीनचा फोटो घ्या आणि त्यावरचा नंबर पावतीवर लिहून घ्या. प्रामाणिक कारागीर याला नाही म्हणत नाही. रविवार पेठेतल्या काकांनी तर मी सांगण्याआधीच लिहून दिला. परत घेतानाही झाकण उघडून नंबर जुळवा, पैसे त्यानंतर.

आणि जुन्या बाजारात किंवा कुणा संग्राहकाकडे ओमेगाचं सुटं, तांबूस, १४ने सुरू होणाऱ्या आठ आकडी नंबराचं मशीन विकायला आलं, तर कृपा करून मला कळवा. पूर्ण नंबर मी जुळवून बघेन.