शिकता शिकता सरकारी इंटर्नशिप: कुठे अर्ज करावा, कुठे वेळ घालवू नये

सरकारी इंटर्नशिपच्या योजनांचं गणित उलटं आहे. जिचे फलक चौकाचौकात लागतात ती कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना बहुधा लागूच नसते, आणि जी लागू असते तिचे नियम कुठल्या तरी संकेतस्थळावरच्या चार पानी पीडीएफमध्ये पडून असतात. म्हणून विद्यावेतनाचा आकडा नंतर पाहावा. आधी पात्रतेतली एकच ओळ शोधावी: पूर्णवेळ शिक्षण चालू असलेला अर्जदार चालतो की नाही. ही ओळ न वाचताच फॉर्म भरला की सगळी माहिती भरून, कागद चढवून झाल्यावर अपात्र ठरायची वेळ येते.

पंतप्रधान इंटर्नशिप योजनेपासूनच सुरुवात करू. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली आणि ऑक्टोबर २०२४मध्ये तिचा पथदर्शी टप्पा सुरू झाला. त्या टप्प्याचे नियम असे होते: वय २१ ते २४, कालावधी १२ महिने, महिना ५,००० रुपये (त्यातले ४,५०० केंद्राकडून, ५०० कंपनीकडून) आणि रुजू होताना एकदाच ६,०००. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं, घरात कोणी कायम सरकारी नोकरीत नको. नावामुळे गैरसमज होतो, पण काम सरकारी कार्यालयात नसून मोठ्या कंपन्यांत असतं. पूर्णवेळ शिकणारे विद्यार्थी या नियमांत बाहेर होते. दूरशिक्षण किंवा ऑनलाइन पदवी करणाऱ्यांना मात्र मुभा होती. म्हणजे मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी बसत होता, नियमित कॉलेजचा बसत नव्हता. नव्या फेरीची घोषणा झाली की वय आणि शिक्षण या दोन अटी बदलल्या आहेत का, एवढं आधी पाहावं.

महाराष्ट्राची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना खरोखर सरकारी कार्यालयांत नेऊन बसवते. जिल्हा परिषद, तहसील, ग्रामपंचायत अशा ठिकाणी कामं मिळतात. जुलै २०२४च्या शासन निर्णयाप्रमाणे बारावी पास उमेदवाराला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. वय १८ ते ३५. कालावधी आधी सहा महिने होता, नंतर तो अकरा महिने झाला. पण याच शासन निर्णयात लिहिलंय की शिक्षण चालू असलेले उमेदवार पात्र नाहीत. शेवटच्या वर्षाचा निकाल लागेपर्यंत ही योजना बाजूलाच ठेवावी. शिवाय पैसे थेट खात्यात येत असले तरी आस्थापनेने हजेरी ऑनलाइन भरल्याशिवाय ते निघत नाहीत. हजेरी कोण भरतं, त्या माणसाचं नाव रुजू होतानाच विचारून घ्यावं.

आता विद्यार्थ्यांनाही चालणाऱ्या जागा.

नीती आयोगाची इंटर्नशिप यातली सर्वात मोकळी. दर महिन्याच्या १ ते १० तारखेला अर्जाची खिडकी उघडते, म्हणजे एखादा महिना हुकला तरी वर्ष जात नाही. पदवीच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षाची (चौथ्या सत्राची) परीक्षा दिलेली असावी आणि बारावीला ८५ टक्के हवेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाची परीक्षा दिलेली असावी आणि पदवीला ७० टक्के हवेत. कालावधी किमान सहा आठवडे, जास्तीत जास्त सहा महिने. ठरलेला काळ पूर्ण केला नाही तर प्रमाणपत्र मिळत नाही. एका आर्थिक वर्षात एकदाच अर्ज करता येतो, त्यामुळे ‘बघू टाकून’ म्हणून घाईत भरलेला अर्ज महागात पडतो.

या अर्जातला कमकुवत दुवा बहुधा गुणांचा नसतो, उद्देश सांगणाऱ्या परिच्छेदाचा असतो. देशसेवेची आवड आणि धोरणनिर्मितीचं कुतूहल सगळेच लिहितात. तिथल्या विभागाला सहा आठवड्यांत हाताशी येईल असं माणूस हवं असतं. म्हणून विषय आणि साधन दोन्हींचं नाव घ्यावं: श्रमबल सर्वेक्षणाची मूळ आकडेवारी उतरवून तिचे तक्ते करता येतात, यूडायसमधली जिल्हानिहाय शाळांची माहिती जुळवता येते, एक्सेल किंवा आर (आकडेवारीसाठीची संगणकभाषा) चालवता येतं. जे येत नाही ते लिहू नये, कारण पहिल्याच आठवड्यात तेच काम पुढ्यात येतं.

नीती आयोगाचा मोठा दोष पैशाचा. विद्यावेतन शून्य. लॅपटॉप स्वतःचा, राहणं-खाणं स्वतःचं, तेही दिल्लीत. गडहिंग्लज किंवा किनवटच्या विद्यार्थ्याने सहा आठवडे स्वखर्चाने दिल्लीत राहायचं, तर घरच्यांना ते परवडायला हवं. गुणवत्तेची अट कागदावर आहे, ऐपतीची अट न लिहिता लागू आहे. दिल्लीत नातेवाईक किंवा राहायची सोय असेल तर ही इंटर्नशिप जरूर करावी. कर्ज काढून करण्यासारखी ती नाही.

पैशाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेची उन्हाळी इंटर्नशिप सरस. जास्तीत जास्त १२५ विद्यार्थी घेतले जातात, महिना २०,००० रुपये मिळतात, काळ एप्रिल ते जुलै आणि अवधी जास्तीत जास्त तीन महिने. गोची तारखांची आहे. अर्ज १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर या काळातच घेतले जातात. उन्हाळ्याचा विचार मुलं फेब्रुवारीत सुरू करतात आणि तोवर ही यादी ठरत आलेली असते. दुसरी अट वर्षाची: पदव्युत्तर, पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम किंवा तीन वर्षांची कायद्याची पदवी, आणि तीही शेवटच्याच्या आदल्या वर्षात. एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात गेल्यावर ही संधी संपलेली असते. म्हणून पहिल्या वर्षाला प्रवेश घेतल्या घेतल्या, दिवाळीच्या सुट्टीतच हा अर्ज उरकावा. बी.कॉम.वाल्यांना इथे जागा नाही.

परराष्ट्र मंत्रालय वर्षातून दोन सत्रांत इंटर्न घेतं, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर. महिना १०,००० रुपये आणि दिल्लीला जाण्या-येण्याचं साध्या वर्गाचं विमानभाडं मिळतं. वय २५च्या आत हवं. निवड राज्यनिहाय कोटा आणि गुणांच्या भारांकावर होते. आकांक्षित जिल्ह्यांतल्या (विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेल्या) उमेदवारांना प्राधान्य आहे आणि महाराष्ट्रातले असे जिल्हे म्हणजे गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. याच जिल्ह्यांतल्या कॉलेजांमध्ये ही गोष्ट सूचना फलकावर लागली पाहिजे.

एआयसीटीईचं (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचं) इंटर्नशिप पोर्टल नावामुळे सरकारी वाटतं, पण तिथे खासगी कंपन्यांच्या जागाही असतात. संस्थेचं नाव पाहूनच अर्ज करावा. वर सांगितलेल्या कुठल्याही सरकारी इंटर्नशिपला शुल्क भरावं लागत नाही. कोणी ‘नोंदणी फी’ मागितली की पान तिथेच बंद करावं.

आणि आता जिची जाहिरात कधीच येत नाही ती वाट: आपल्याच जिल्ह्यातलं कार्यालय. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, अभ्यासक्रमात आलं आहे. इंटर्नशिपचा एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तास. चार श्रेयांकांना १२० तास, म्हणजे रोज सहा तास धरले तर वीस कामाचे दिवस. बहुतेक मुलं हे तास ओळखीच्या दुकानात किंवा सीएच्या ऑफिसात कागदोपत्री पूर्ण करतात. तेच तास नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात, जिल्हा परिषदेच्या आरोग्य किंवा महिला व बालकल्याण विभागात, भूजल सर्वेक्षणाच्या कार्यालयात भरले तर वजन वेगळं.

रीत अशी. विभागप्रमुखांचं नव्हे, प्राचार्यांच्या सहीचं, कॉलेजच्या लेटरहेडवरचं, जावक क्रमांक असलेलं पत्र घ्यावं. ते ‘प्रति, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद’ किंवा ‘मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद’ यांच्या नावे असावं. विषयाच्या ओळीतच तास, तारखा आणि विद्यार्थ्यांची संख्या यावी: ‘तीन विद्यार्थ्यांना दि. अमुक ते तमुक, एकूण १२० तास, विनामोबदला प्रशिक्षण देणेबाबत’. ‘विनामोबदला’ हा शब्द विसरू नये. तो नसला की प्रस्ताव लेखा शाखेकडे वळतो आणि तिथून लवकर परत येत नाही. पत्र थेट साहेबांच्या टेबलावर ठेवण्याचा मोह टाळावा. आवक-जावक शाखेत द्यावं, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. ही पोच हातात असली की आठवड्याने ‘माझ्या पत्राचं काय झालं’ असं न विचारता ‘अमुक क्रमांकाचं पत्र कोणत्या टेबलावर आहे’ असं विचारता येतं, आणि उत्तर मिळतं. किमान महिनाभर आधी द्यावं. आचारसंहिता लागलेली असताना, मार्चअखेरीस किंवा अधिवेशन चालू असताना दिलेलं पत्र बाजूला पडतं. त्यात कोणाचा दुष्टावा नसतो, त्या दिवसांत कार्यालयाला खरंच उसंत नसते.

इथली उणीवही सांगायला हवी. काम नेमून देणारं कोणी नसेल तर विद्यार्थ्याला झेरॉक्सच्या रांगेत उभं केलं जातं. पत्रासोबत एक पान जोडावं: कोणता तक्ता, कोणती पाहणी, शेवटी कार्यालयाला काय मिळणार. अंगणवाडीच्या नोंदी एक्सेलमध्ये आणून देतो म्हटलं की कोणताही पर्यवेक्षक नाही म्हणत नाही.

प्रमाणपत्र शेवटच्या आठवड्यातच पदरात पाडून घ्यावं. राज्यात सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात आणि उन्हाळी इंटर्नशिप नेमकी तेव्हाच चालू असते. ज्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम केलं ते दुसऱ्या जिल्ह्यात गेले की नव्या अधिकाऱ्याने सही का करावी, हा प्रश्न रास्तच असतो. प्रमाणपत्रावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण तास, कामाचं स्वरूप आणि जावक क्रमांक या चार गोष्टी नसतील तर कॉलेजकडून श्रेयांक मिळताना अडतं.

अर्ज फेटाळले जाण्याचं सर्वात फालतू आणि सर्वात वारंवार घडणारं कारण नावाचं आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर क्रम उलटा, कधी वडिलांचं नाव गायब. पोर्टल आधारवरून नाव उचलतं, पडताळणी गुणपत्रिकेवरून होते आणि दोन्ही जुळत नाहीत. दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण धरून आधार दुरुस्त करून घ्यावा, तोही अर्जाच्या महिनाभर आधी. सीजीपीएचे टक्के मनाने काढू नयेत. विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे असेल तर तेच वापरावं, नसेल तर परीक्षा विभागाकडून लेखी घ्यावं.

थेट खात्यात पैसे येणाऱ्या योजनांत आणखी एक घोळ होतो. बँकेत आधार दिला म्हणजे खातं आधारशी जोडलं गेलं, असं नसतं. केवायसीसाठी (ओळख पटवण्यासाठी) दिलेला आधार वेगळा आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, खातं आधारशी जोडणारं सीडिंग वेगळं. दोन-तीन खाती असतील तर सर्वात शेवटी सीडिंग झालेल्या खात्यात पैसे जातात. शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं तिथे नोंदलेलं असेल तर विद्यावेतन परत फिरतं.

पदवीनंतरचा मार्ग म्हणून राज्य सरकारच्या मुख्यमंत्री फेलोशिपचा विचार आत्तापासून करावा. २०२५-२६च्या फेरीत ६० जागा, वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के, एक वर्षाचा कामाचा अनुभव, अर्जाचं शुल्क ५०० रुपये आणि महिन्याला प्रवासखर्च धरून ६१,५०० रुपये असं स्वरूप होतं. सोबत आयआयटी मुंबईचा धोरणविषयक अभ्यासक्रम. पूर्णवेळ इंटर्नशिप अनुभवात धरली जाते, म्हणून वरच्या प्रमाणपत्रांच्या फायली जपून ठेवाव्यात.

शेवटच्या वर्षात असतानाच नोकरीचे अर्ज करायचे तर भरतीनुसार नियम वेगळे. यूपीएससी आणि एमपीएससीची पूर्वपरीक्षा शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला देता येते, पदवी मुख्य परीक्षेच्या अर्जापर्यंत हातात यावी लागते. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेत आणि बँकांच्या आयबीपीएस भरतीत तशी सवलत नाही, जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत निकाल लागलेला हवा. आरक्षणाच्या कागदांत केंद्र आणि राज्य यांची गल्लत होते. केंद्राच्या भरतीला ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं, राज्याचं नॉन-क्रीमिलेयर तिथे चालत नाही, आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) प्रमाणपत्र फक्त राज्यापुरतं आहे. सेतू केंद्रात अर्ज करताना नमुना कोणता हवा हे स्पष्ट सांगावं, नाहीतर सवयीने राज्याचाच काढून दिला जातो. पदवीची तारीख म्हणून निकाल जाहीर झाल्याची तारीख धरतात, पदवीदान समारंभाची नव्हे. विद्यापीठाने निकाल लांबवला असेल आणि भरतीची तारीख जवळ आली असेल, तर परीक्षा विभागाकडे निकालाच्या तारखेसह तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्राचा अर्ज निकाल लागला त्याच दिवशी करावा.