एम.व्ही.एस्सी., क्लिनिकमधली उमेदवारी की दूरशिक्षणाचं सर्टिफिकेट? नागपुरात पेट प्रॅक्टिस करू पाहणाऱ्यांसाठी

पशुवैद्यकाची इंटर्नशिप संपत आली की माझ्याकडे मुलं-मुली विचारायला येतात, "मॅडम, पीजी करू की सरळ क्लिनिक टाकू?" मी आधी एकच विचारते: आजवर किती कुत्र्यांचं स्पे, म्हणजे मादीच्या नसबंदीचं ऑपरेशन, तुम्ही स्वतः केलंत? बाजूला उभं राहून क्लॅम्प धरला, ते मोजायचं नाही. पहिल्या चिरेपासून शेवटच्या टाक्यापर्यंत आपल्या हाताने केलेली किती? बहुतेकांचं उत्तर एका हाताच्या बोटांवर मावतं.

यात त्यांचा दोष नाही. आपली बी.व्ही.एस्सी.ची पदवी इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षांची, आणि त्यात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, वन्यप्राणी असं सगळं बसवायचं असतं. सेमिनरी हिल्सचं आपलं नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासूनचं. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या गोठ्याला डॉक्टर मिळावा ही तेव्हाची गरज होती आणि ती आजही आहे. पण मांजराच्या बंद झालेल्या लघवीसाठी रात्री अकराला फोन येतो, तेव्हा पदवीतलं शिक्षण अपुरं पडतं. ही उणीव कुठे भरून काढायची, हा खरा प्रश्न आहे.

नागपुरात बसून पाहिलं तर तीन वाटा दिसतात: दोन वर्षांची एम.व्ही.एस्सी. ही पदव्युत्तर पदवी, एखाद्या चालत्या क्लिनिकमधली उमेदवारी आणि परदेशी संस्थांचं दूरशिक्षण. मी पहिल्या दोन्ही वाटांनी गेले आणि तिसरी अजून चालू आहे. तिन्हींत मी एकच गोष्ट तोलते: तुमच्या हाताखाली किती केसेस येतात, आणि चुकलं तर सांगणारं माणूस तिथे असतं का.

एम.व्ही.एस्सी.चं सगळ्यात मोठं देणं कोणतं असं विचाराल, तर मी पोस्टमार्टेम म्हणेन. ऑपरेशन थिएटर, एक्सरे, सोनोग्राफी हे सगळं आहेच. पण खासगी क्लिनिकमध्ये कुत्रं दगावलं की मालक त्याला घेऊन जातो, पुरतो, आणि आपला अंदाज बरोबर होता की चूक हे कधीच कळत नाही. कॉलेजात तीच केस पॅथॉलॉजी विभागात जाते. आदल्या दिवशी ज्या यकृताविषयी मी ठामपणे बोलले होते, ते दुसऱ्या दिवशी टेबलावर वेगळंच निघालं. त्या सकाळी मी जे शिकले ते पुस्तकातून शिकता आलं नसतं. शिवाय इथे तुमच्याशी वाद घालणारे लोक असतात. "हेच औषध का?" या प्रश्नाला "सगळे देतात म्हणून" हे उत्तर चालत नाही.

एम.व्ही.एस्सी.ची उणी बाजू म्हणजे थिसिस. पहिल्या वर्षी कोर्सवर्क, दुसरं वर्ष जवळजवळ सगळं संशोधनात जातं. विषय कोणता मिळतो यावर तुम्ही काय होऊन बाहेर पडता हे ठरतं. कुत्र्यांच्या मोडलेल्या हाडांवर प्लेट बसवण्याचा विषय मिळाला तर हात तयार होतो. सीरममधल्या घटकांच्या मोजणीचा मिळाला तर बरेच महिने लॅबमध्ये जातात. दोन्ही कामं मोलाची आहेत, पण क्लिनिक टाकणाऱ्याला दोन्हींचा उपयोग सारखा नाही. म्हणून विभाग निवडण्याआधी गेल्या दोन बॅचेसचे थिसिसचे विषय सीनियर्सकडून विचारून घ्या.

आता विभाग. सर्जरी, मेडिसिन की गायनॅक (प्रजनन आणि प्रसूती)? नागपूरच्या पेट क्लिनिकमध्ये दिवसभर जे येतं त्यात मेडिसिनचा वाटा मोठा: उलट्या-जुलाब, पार्व्हो (पिल्लांना होणारा विषाणूचा जुलाब), गोचिडाचा ताप, खाज, म्हाताऱ्या कुत्र्यांच्या किडन्या. त्या हिशेबाने मेडिसिन घ्यावं असं वाटेल. माझं मत उलटं आहे. हात बसलेला नसेल तर सर्जरी घ्या. मेडिसिन वाचून, लांबच्या शिक्षकाला रिपोर्ट पाठवून, चर्चा करून वाढवता येतं. टाका किती ओढायचा, ओव्हरीची गाठ सुटतेय की काय, हे शेजारी उभ्या असलेल्या माणसाशिवाय शिकता येत नाही. गायनॅकमध्ये पायोमेट्रा (गर्भाशयात पू होणं), सिझेरियन, ब्रीडिंग हे सगळं येतं, पण गायी-म्हशींचं काम किती आणि कुत्र्यांचं किती, हे आधी पाहून घ्या.

नागपूरच का, असंही काही जण विचारतात. मुंबईत परळला १८८६ पासूनचं कॉलेज आणि त्याच्याशी जोडलेलं बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल आहे. चेन्नईला मद्रास व्हेटरनरी कॉलेज १९०३ चं, आणि कुत्र्या-मांजरांची तिथली गर्दी खूप मोठी. आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) अखिल भारतीय प्रवेश परीक्षेत चांगला क्रमांक आला आणि घर सोडणं शक्य असेल, तर चेन्नईचा विचार जरूर करा. माझ्या घरी तेव्हा वडील आजारी होते, मी नागपुरातच राहिले. त्याची खंत नाही.

उमेदवारीबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण बहुतेक जण ती विचार न करता पत्करतात.

पदवीनंतर मी सव्वा वर्ष शहरातल्या एका क्लिनिकमध्ये होते. खूप शिकले. मालकाशी बोलायचं कसं, खर्चाचा अंदाज आधी सांगायचा कसा, संमतीपत्रावर सही का घ्यायची, वाईट बातमी द्यायची कशी. "डाक्टरसाहेब, दोन दिवसांपासून काही खाऊनच नाही राह्यला" एवढ्या एका वाक्यावरून पुढचे दहा प्रश्न कोणते विचारायचे, हे मी तिथेच शिकले. मे महिन्याच्या दुपारी पग आणि लॅब्रॅडॉर धापा टाकत येत. ताप ४१ अंश सेल्सिअसच्या वर. आधी पाणी ओतून, पंखा लावून गार करायचं, ३९.५ च्या आसपास आलं की थांबायचं, नाहीतर ताप गरजेपेक्षा खाली घसरतो. आणि शुद्धीवर आलं म्हणून घरी पाठवायचं नाही, कारण किडनी आणि रक्त गोठण्याचे त्रास पुढच्या दोन-तीन दिवसांत डोकं वर काढतात. ४५ अंशांच्या नागपुरात हे शिक्षण चालत्या क्लिनिकइतकं कुठेच मिळत नाही.

पण त्याच क्लिनिकमध्ये झायलाझिन-केटामाइन ही भुलीची इंजेक्शनं देऊन, श्वासनलिकेत ट्यूब न घालता ऑपरेशनं होत. मीही तसंच करू लागले. एका कुत्रीला टेबलावर उलटी झाली, ती फुफ्फुसात गेली, आणि तिसऱ्या दिवशी न्यूमोनियाने ती गेली. तिच्यासोबत आलेला आठवीतला मुलगा मला अजून आठवतो. मला कोणी चुकीचं शिकवलं नव्हतं, बरोबर काय ते कोणी दाखवलं नव्हतं. पीजीचा फॉर्म मी त्यानंतर भरला.

म्हणून सांगते, नोकरी धरण्याआधी तिथे तीन दिवस नुसतं बसून या. भूल दिल्यावर नाडी, श्वास, तापमान कोणी लिहून ठेवतं का? गोचिडाच्या तापाच्या केसमध्ये रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली जाते का, की सरसकट डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक लिहिलं जातं? हा ताप वेगवेगळ्या जंतूंनी येतो: एर्लिशियावर ते चालतं, पण बॅबेसिया गिब्सोनायवर त्याने भागत नाही, आणि हा फरक पाहिल्याशिवाय कळत नाही. तुम्ही ऑपरेशन करत असताना सीनियर थिएटरमध्ये थांबतात, की ओपीडीत निघून जातात? ही उत्तरं चांगली असतील तर पगार थोडा कमी असला तरी राहा. अशी क्लिनिक्स नागपुरात आहेत.

दूरशिक्षणाची वाट अगदी वेगळी. सिडनी विद्यापीठाचं सेंटर फॉर व्हेटरनरी एज्युकेशन असे कोर्सेस चालवतं: घरी बसून अभ्यास, ठरावीक मुदतीत असाइनमेंट, आणि तपासणारे त्या विषयातले तज्ज्ञ. मी मेडिसिनचा एक करतेय. फी परदेशी चलनात असल्याने बोचते. पण माझ्या कागदावरच्या प्रत्येक गृहीतकाला तिकडून प्रश्न येतो, आणि त्याने माझं केसपेपर लिहिणंच बदललं. तुमच्याकडे स्वतःच्या केसेस असतील तरच याचा उपयोग होतो. इंटर्नशिप संपल्या-संपल्या हा कोर्स घेणं म्हणजे पाण्यात न उतरता पोहणं शिकणं.

कायद्याचं थोडक्यात. प्रॅक्टिसचा हक्क भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ खालच्या नोंदणीतून मिळतो, आणि त्यासाठी बी.व्ही.एस्सी. पुरते. पशुधन विकास अधिकाऱ्याच्या पदालाही तीच पदवी लागते. प्राध्यापकीत जायचं असेल तर मात्र एम.व्ही.एस्सी.ला पर्याय नाही, तिथे उमेदवारीची दहा वर्षंही मोजली जात नाहीत. परदेशी सर्टिफिकेटने इथला कायदेशीर दर्जा बदलत नाही.

अमेरिकेत स्पेशालिस्ट होण्याचं स्वप्न असेल तर हिशेब निराळाच: एक वर्ष इंटर्नशिप, साधारण तीन वर्षं रेसिडेन्सी, मग बोर्डाची परीक्षा. भारतातल्या पदवीवर तिकडे लायसन्स हवं तर त्याआधी समकक्षतेच्या परीक्षाही आहेत. पैसा आणि वय दोन्ही मोजून ठरवा.

घरची ओढाताण नसेल आणि हात बसलेला नसेल, तर मी आजही सर्जरीत एम.व्ही.एस्सी. करा म्हणेन, आणि त्या दोन वर्षांत जमेल त्या संध्याकाळी एखाद्या चांगल्या क्लिनिकमध्ये जाऊन बसा म्हणेन. कॉलेजच्या ओपीडीच्या वेळा ठरलेल्या असतात, रात्रीची कॅज्युअल्टी बाहेरच दिसते. घरी लगेच पैसे द्यावे लागत असतील तर उमेदवारी घ्या, वरचे प्रश्न विचारून घ्या, आणि दोन वर्षांनी दूरशिक्षण जोडा. क्लिनिक आधीच चालू असलेल्यांनी ते बंद करून पीजीला जाऊ नये. त्यांनी आठवड्यातली एक सकाळ आपल्याहून जाणत्या सर्जनच्या टेबलाशेजारी उभं राहायला राखून ठेवावी. मी आज सतरा वर्षांनंतरही दर गुरुवारी जाते.