चिकलठाण्याचा काउंटर की हैदराबादचं लोड कंट्रोल? डिस्पॅचर व्हायचंय त्यांच्यासाठी

सेलूहून भाचीचा फोन आला. बी.एस्सी. झालेली, बावीस वर्षांची. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर ग्राउंड स्टाफची जागा मिळतेय, आठ दिवसांत होकार कळवायचाय. "मामा, मला डिस्पॅचर व्हायचंय. एकदा आत शिरले की पुढे सरकता येईल ना?" त्याच आठवड्यात जालन्याच्या ओळखीतल्या एका मुलानंही हाच प्रश्न विचारला. त्याच्या हातात हैदराबादचं पत्र होतं, थेट विमान कंपनीचं, लोड कंट्रोलमधल्या, म्हणजे विमानाचं वजन आणि तोल बघणाऱ्या विभागातल्या, कनिष्ठ जागेचं. दोघांचा पगार जवळपास सारखाच. तरी माझी उत्तरं वेगळी होती. मी स्वतः बारा वर्षं विमानतळावर काढली: आधी काउंटर, मग रॅम्प (विमानं उभी राहतात ती जागा), शेवटी लोड कंट्रोल. त्या बारा वर्षांच्या भरवशावरच हे लिहितोय.

आधी डिस्पॅचरचं काम समजून घ्या, कारण बरेच जण विमान वेळेत सोडणाऱ्या रॅम्पवरच्या माणसालाच डिस्पॅचर समजतात. फ्लाइट डिस्पॅचर विमानापाशी नसतो. तो कंपनीच्या ऑपरेशन्स कंट्रोल सेंटरमध्ये, म्हणजे ओसीसीत बसतो. मार्ग, उंची, हवामान, नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना), विमानात असलेले बिघाड हे सगळं पाहून तो फ्लाइट प्लॅन तयार करतो आणि इंधन ठरवतो. प्रवासापुरतं इंधन, त्यावर आकस्मिक गरजेसाठी साधारण पाच टक्के, मुंबईत उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचं इंधन, आणि या सगळ्याच्या खाली जेट विमानासाठी तीस मिनिटांचा अखेरचा साठा, ज्याला हात लागू नये. जुलैच्या पावसात मुंबईवर घिरट्या घालणारं विमान सुखरूप दुसरीकडे उतरतं, तेव्हा त्या इंधनाचा हिशेब कुणीतरी दोन तास आधी केलेला असतो.

वजनाचंही तसंच. उन्हाळ्यात हवा विरळ होते, इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही कमी पडतात, त्यामुळे त्याच धावपट्टीवरून कमी वजन घेऊन निघावं लागतं. मराठवाड्यात एप्रिलची दुपार म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. २६ एप्रिल १९९३ ला दुपारी औरंगाबादहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ बीड रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. ५५ माणसं गेली. चौकशीत वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचलल्याचं आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचं नोंदलं गेलं. त्या धावपट्टीच्या टोकाशी अंतर, वेग आणि वजन यांचं नातं किती नाजूक असतं, हे नंतर लोड शीटवर, म्हणजे विमानाच्या वजनाच्या तक्त्यावर, सही करताना माझ्या मनातून कधी गेलं नाही. या कामाची ओढ मला तिथूनच लागली.

आता मुद्दा. भारतात डिस्पॅचर होण्यासाठी डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता लागते, आणि तिची वाट विमान कंपनीतूनच जाते. कंपनी तुम्हाला प्रशिक्षणासाठी निवडते, आपल्या विमानांवर तयार करते, मग मान्यतेसाठी पुढे करते. घरी बसून परीक्षा दिली आणि डिस्पॅचर झालो, असं होत नाही. इकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ मधल्या अटी पाहिल्या तर रोख आणखी स्पष्ट होतो. वय किमान २१. मान्यताप्राप्त प्रशिक्षण किंवा अनुभव. अनुभवात काय धरलंय? विमानाच्या फ्लाइट क्रूमध्ये, विमानं पाठवणाऱ्या संस्थेत हवामानतज्ज्ञ म्हणून, हवाई वाहतूक नियंत्रणात किंवा डिस्पॅचच्या तांत्रिक देखरेखीत मिळून दोन वर्षं. नाहीतर डिस्पॅचमध्ये मदतनीस म्हणून एक वर्ष. शिवाय अर्जाआधीच्या सहा महिन्यांत देखरेखीखाली किमान ९० कामाचे दिवस. या यादीत चेक-इन काउंटर नाही. बॅगा चढवणं नाही. पाच वर्षं काउंटरवर उभं राहिलात तरी नियमाच्या लेखी तो अनुभव शून्य.

म्हणून "आत शिरलं की झालं" हे पूर्ण खरं नाही. आत शिरायचं कुणाच्या पगारपत्रकावर, हे बघायला हवं. विमानतळावर विमान कंपनीचा गणवेश घातलेली सगळी माणसं कंपनीची नसतात. बरीचशी ग्राउंड हँडलिंगच्या वेगळ्या कंपनीची, ठरावीक मुदतीच्या करारावरची असतात. डिस्पॅचच्या जागा कंपनीत आतल्या आत निघतात, त्याला आयजेपी (इंटर्नल जॉब पोस्टिंग) म्हणतात. ती नोटीस करारावरच्या माणसापर्यंत पोचतच नाही. माझ्यासोबत रॅम्पवर एक हुशार मुलगा होता, मेटार, म्हणजे विमानतळाच्या हवामानाचा सांकेतिक अहवाल, कागदावरून बातमी वाचावी तसा वाचायचा. तीन वर्षांचा करार संपला आणि त्याला पुन्हा गेटवर अर्ज घेऊन उभं राहावं लागलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

चिकलठाण्याच्या बाजूनंही बोलायला हवं. मुकुंदवाडीत खोली स्वस्त मिळते, सणाला घरी जाता येतं, आईवडिलांना पैसे देता येतात. एअरपोर्ट एंट्री पास, सुरक्षेचं प्रशिक्षण, पहाटे चारची शिफ्ट, टर्नअराउंडच्या, म्हणजे विमान येऊन पुन्हा निघेपर्यंतच्या, अर्ध्या तासात एकाच वेळी इंधन, बॅगा, प्रवासी आणि दरवाजे सांभाळणं, हे सगळं अंगात मुरतं. लहान स्टेशनवर एकाच माणसाला चार टेबलं फिरावी लागतात. नांदेडसारख्या ठिकाणी तर आणखीच. पण पूर्वी स्टेशनवर हातानं ट्रिम शीट (विमानाच्या तोलाचा तक्ता) काढली जायची, ते शिकण्याचं खरं ठिकाण होतं. आता बऱ्याच कंपन्यांत लोड शीट मध्यवर्ती केंद्रातून येते, स्टेशन फक्त आकडे कळवतं. लहान स्टेशनवरचा सगळ्यात मोलाचा धडाच तिथून उठून गेलाय.

हैदराबादचं पत्र त्यामुळे जड. लोड कंट्रोलमध्ये रोज वजन, तोल, इंधनाचे आकडे हाताखालून जातात, डिस्पॅचरशी फोनवर बोलणं होतं, तुमचं नाव त्यांना कळतं. कंपनीचे कर्मचारी म्हणून आयजेपीला अर्ज करता येतो. शमशाबादकडे, हैदराबादच्या विमानतळापाशी, राहायचा खर्च इथल्यापेक्षा जास्त, हे खरं. पण देवगिरी किंवा अजिंठा धरली की रात्रभरात घर. मोठ्या कंपन्यांच्या ओसीसी मात्र बहुतेक दूर आहेत. इंडिगो आणि एअर इंडिया गुरुग्रामहून चालतात, म्हणजे पुढे कधीतरी दिल्लीकडे जायची तयारी आजच मनात ठेवा.

तिसरा रस्ता खासगी कोर्सचा. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या डिस्पॅचर प्रमाणपत्रासाठी किमान २०० तासांचा अभ्यासक्रम असतो आणि प्रमाणपत्र वयाच्या २३ नंतरच मिळतं. ज्ञान चांगलं मिळतं, मुलाखतीत बोलायला आत्मविश्वास येतो. पण भारतीय कंपनीत काम करायचं तर डीजीसीएची प्रक्रिया कंपनीमार्फत पुन्हा करावीच लागते. शेत गहाण ठेवून हा कोर्स करू नका, एवढं कळकळीनं सांगतो.

ज्यांचं बी.एस्सी. फिजिक्स-मॅथ्स घेऊन झालंय, त्यांनी विमानतळ प्राधिकरणाच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) परीक्षेचा अर्जही भरावा. खुल्या गटाला वयोमर्यादा २७, म्हणजे वेळ फार नाही. आणि ज्यांच्याकडे बारावीला हे दोन विषयच नाहीत, त्यांनी कोणतीही नोकरी धरताना ते विषय पूर्ण करायची सोय आधी लावावी.

जालन्याच्या मुलाला मी म्हटलं, जा. भाचीला म्हटलं, नकार लगेच देऊ नकोस, आधी एचआरला तीन गोष्टी लेखी विचार. पगारपत्रक विमान कंपनीचं की हँडलिंगचं? आयजेपीला किती महिन्यांनी अर्ज करता येतो? आणि गेल्या दोन वर्षांत या स्टेशनवरून ओसीसीत कुणी गेलंय का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याचं उत्तर एका नावाचं तरी असावं लागतं. घरी पैशाची निकड असेल तर हँडलिंगची नोकरीही घ्यावी, त्यात कमीपणा नाही. फक्त दीड वर्षाची मुदत स्वतःशी ठरवावी आणि त्या काळात हवामान आणि नेव्हिगेशनचा अभ्यास सोडू नये.

तिला उत्तर आलं: करार तीन वर्षांचा, आयजेपी लागू नाही, तिसऱ्या प्रश्नाला काहीच नाही. तिनं वडिलांशी बोलून जागा सोडली. आता ती रोज सकाळी संभाजीनगरचा मेटार मला वाचून दाखवते, आणि येत्या सोमवारी परभणीहून देवगिरीनं हैदराबादला मुलाखतीला निघतेय.